वातावरणाचे थर

'वातावरण' हा शब्द आपल्या समीक्षेने फार स्वस्त करून टाकला आहे. कादंबरीत पाऊस लागून राहिला, कंदिलाची काच काजळली, लांब कुठे कुत्रे विव्हळले, की परीक्षक लिहून मोकळा होतो : 'लेखिकेची वातावरणनिर्मिती प्रभावी आहे.' माझ्याही वाट्याला हे वाक्य दोन-तीनदा आले आहे, आणि दर वेळी ते वाचून मला आनंदापेक्षा संशयच अधिक वाटला. पात्रांविषयी ज्याला काही म्हणायचे नसते तो परीक्षक वातावरणाकडे वळतो, असा माझा अनुभव आहे.

आज ज्या संगीताविषयी लिहावयाचे मी योजिले आहे त्याच्यावर नेमका हाच प्रसंग ओढवलेला आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका शाखेत चाल जवळजवळ नसते, ताल नसतो किंवा दूर सारलेला असतो. लांबट, संथ, एकमेकांत विरघळणाऱ्या ध्वनींचे थर तेवढे असतात. त्याचे चाहते म्हणतात, 'काय वातावरण आहे!' आणि न आवडणारे म्हणतात, 'नुसते वातावरण आहे.' स्तुती आणि निंदा दोन्ही एकाच शब्दात उरकल्यामुळे त्या थरांमध्ये प्रत्यक्ष काय चालले आहे ते पाहण्याचे श्रम कोणालाच घ्यावे लागत नाहीत. मला ते घ्यावेसे वाटतात. मी संगीत रीतसर शिकलेली नाही. मॅट्रिक झाले आणि शाळेत शिकवू लागले; पुढे जे काही मिळवले ते कानांनी आणि कादंबरी लिहिताना लागलेल्या सवयींनी. पण या विषयापुरती ही सवय अगदीच निरुपयोगी नाही, कारण एकावर एक थर देऊन वातावरण उभे करावयाचे म्हणजे काय, हा प्रश्न कादंबरीकाराला रोजच्या कामातला आहे.

सिंथेसायझर वाजवणारे लोक ज्याला 'पॅड' म्हणतात तो ध्वनी वाचकांनी पुष्कळदा ऐकलेला असतो. फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. पेटीची पट्टी दाबली की सूर लगेच उमटतो. पॅडचा सूर उमटत नाही, उगवतो. त्याला पुरता भरून यायला एक, दोन, कधी पाच सेकंदही लागतात, आणि बोट उचलल्यावर तो तितक्याच सावकाशीने मावळतो. त्याचे वरचे तीक्ष्ण उपस्वर 'फिल्टर' नावाच्या योजनेने गाळलेले असतात, म्हणून त्याला टोक नसते. ढगाला असावी तशी धूसर कड असते. असा एकटा पॅड ऐकला तर तो पहिल्या क्षणी गोड आणि पाचव्या सेकंदाला कंटाळवाणा वाटतो. उघड्या राहिलेल्या नळासारखा तो नुसता वाहत असतो. म्हणून त्याच्यावर दुसरा थर देतात, मग तिसरा.

आता गंमत अशी की दुसरा थर पहिल्यासारखा हुबेहूब असेल तर काहीही घडत नाही. आवाज थोडा मोठा होतो, एवढेच. पण त्याला अगदी किंचित ढळवले, म्हणजे पहिल्याची कंपने सेकंदाला २२० असताना दुसऱ्याची २२१ केली, की दोन वेगळे सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर येतो, पण तो सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. या हेलकाव्याला इंग्रजीत 'बीट' म्हणतात. फरक दोनाचा केला तर हेलकावे दोन. आणखी वाढवला तर तो सूर थरथरू लागतो, मग खरखरतो, आणि पुढे फुटून दोन होतात. त्यातला जो अरुंद पट्टा आहे, जिथे दोन ध्वनी एक असतात आणि तरी एक नसतात, तोच या कलेचा सगळा प्रदेश होय. रोलँड कंपनीने १९९६ साली एका वाद्यात सात तरंग एकमेकांपासून ढळवून एका सुरात बसवले आणि त्या ध्वनीने पुढची कित्येक वर्षे जगभरची नृत्यगृहे भरून काढली. तत्त्व मात्र हेच होते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. त्या नियमांवर आपल्याकडे इतकी शाई खर्ची पडली आहे की पुन्हा त्यांचे नाव काढताना संकोच वाटतो. परंतु थरांच्या संगीताला ते जितके शब्दशः लागू पडतात तितके कवितेलाही पडत नसतील. नुसत्या संवादाने थर जाड होतो, समृद्ध होत नाही. समृद्धी येते ती विरोधाने. आणि तो विरोध इतका लहान ठेवावा लागतो की ऐकणाऱ्याला भांडण ऐकू येऊ नये, त्याची ऊब तेवढी लागावी. उबेचा विषय निघाला म्हणून सांगते : आमच्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. तिची ऊब कापडात नसते, लुगड्यांच्या घड्यांत जी हवा अडकून राहते तिच्यात असते. म्हणूनच हात बसलेली बाई टाका फार ओढून घेत नाही.

हे सारे परकीय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तंबोरा आठवावा. जोडाच्या दोन तारा एकाच षड्जात लावतात. पण त्या एका क्षणी छेडत नाहीत, एकीमागून एक छेडतात. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी काढली की तारेचे वरचे उपस्वर जागे होतात, आणि खर्जातून कोणी न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो. मिरजेच्या कारागिरांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे कसब भोपळ्यात आणि लाकडात आहे तितकेच त्या दोऱ्याची जागा ओळखण्यात आहे. केसभर सरकला तर तंबोरा मुका होतो. पॅड रचणारा माणूस पडद्यासमोर बसून जे आकडे फिरवतो, त्यात तो बहुतेक वेळा त्या दोऱ्याचीच जागा शोधत असतो.

प्रारंभी थर देणे ही हौस नव्हती, गरज होती. रॉबर्ट मूगचे सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढीत असे. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका केली तेव्हा बाखच्या रचनेतली प्रत्येक ओळ निराळी वाजवून टेपवर एकाशेजारी एक बसवावी लागली. तिथे थर होते, पण वातावरण नव्हते. प्रत्येक ओळ आपापल्या जागी लख्ख दिसते. पुढे झां-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराने १९७६ मध्ये 'ऑक्सिजेन' ही ध्वनिमुद्रिका पॅरिसमध्ये आपल्या घरीच तयार केली. एमिनेंट नावाच्या डच ऑर्गनमधला व्हायोलिनच्या ताफ्यासारखा ध्वनी त्याने एका लहानशा फेझरमधून फिरवला आणि तो मूळचा पातळ ध्वनी आकाशासारखा पसरला. ऐकायला ती मुद्रिका आजही सुंदर आहे. मात्र माझ्या मते तिच्यातले थर हलतात, वाद घालीत नाहीत. तिचे आकाश सदैव निरभ्र असते, आणि तिथे फार वेळ राहावेसे वाटत नाही.

व्हँगेलिसची गोष्ट वेगळी. हा ग्रीक संगीतकार (१९४३–२०२२) स्वरलिपी लिहीत नसे. लंडनमधल्या आपल्या स्टुडिओत वाद्यांच्या गराड्यात बसून चित्र समोर चालू ठेवून वाजवीत असे. त्याच्या हाताशी यामाहाचा सीएस-८० होता. हे वाद्य १९७७ च्या सुमारास निघाले. वजन सुमारे शंभर किलो, आणि सूर उतरण्याची खोड अशी की फिरतीवरच्या वादकांनी कपाळाला हात लावावा. पण त्याच्या दोन गोष्टी विलक्षण होत्या. एक म्हणजे, एक पट्टी दाबली की दोन स्वतंत्र ध्वनी एकदम बोलत. प्रत्येकाचे उगवणे, मावळणे, धार, सगळे निराळे ठरवता येई. म्हणजे थर वाद्याच्या पोटातच होता. दुसरी अशी की दाबून धरलेली पट्टी आणखी दाबली तर तेवढाच सूर उजळे किंवा थरथरे. शेजारच्या बोटाखालचा सूर होता तसा राही. पाच बोटांनी पाच सूर धरावेत आणि त्यांतल्या एकाच्याच गळ्यात हुंदका आणावा, हे दुसऱ्या कोणत्या पट्टीवाद्यात होते? पेटीवाल्याला भाता आहे, पण तो सगळ्या सुरांना एकदम फुगवतो.

रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर' (१९८२) या चित्रपटाच्या आरंभी काळोखातले लॉस एंजेलिस दिसते. चित्रपटाने ते वर्ष २०१९ मानले आहे. धुराड्यांतून ज्वाळा उसळतात आणि मग पडदाभर एक डोळा दिसतो. या दृश्याखाली व्हँगेलिसने जे थर ठेवले आहेत त्यांचे वर्णन 'भव्य' या शब्दाने करण्याचा प्रघात आहे. मला ते भव्य वाटत नाहीत, थकलेले वाटतात. खाली खोल, जवळजवळ न हलणारा सूर आहे. मध्ये धूसर तंतुवाद्यांसारखा पॅड. आणि त्यांच्यावर पितळी वाद्याची आठवण देणारा एक सूर वर चढतो, पण थेट त्या स्वरावर जाऊन उभा राहत नाही. घसरत जातो, पोचतो, आणि पोचल्यावर कापतो. हा कंप यंत्राने ठरवून दिलेला नाही, बोटाच्या दाबातून आलेला आहे. खालचे दोन थर यंत्राचे आणि वरचा माणसाचा, किंवा माणूस होऊ पाहणाऱ्या कुणाचा तरी. चित्रपटाचा विषयही तोच आहे : माणसासारखी घडवलेली माणसे आणि त्यांची उसनी स्मृती. इथे वातावरण हे कथेभोवतीचे धुके नाही. कथेतला पेच थरांच्या मांडणीत उतरलेला आहे. वरचा सूर काढून टाका, खाली नुसती रात्र उरेल. खालचे थर काढा, तर वरचा सूर एकट्या वाजंत्र्यासारखा केविलवाणा होईल. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि दोघे एकमेकांचे नाहीत. अधिकृत ध्वनिमुद्रिका बारा वर्षांनी, १९९४ मध्ये निघाली. तोवर लोकांनी ते संगीत चित्रपटातूनच पाठ केले होते.

ब्रायन ईनोने विरोध सुरांत न ठेवता काळात ठेवला. विमानतळावर बसलेल्या माणसांसाठी म्हणून त्याने १९७८ साली जी मुद्रिका केली तिच्या एका भागात तीन स्त्रियांचे आणि त्याचा स्वतःचा आवाज आहे. प्रत्येक स्वर लांब 'आ'कारात गाऊन टेपच्या एका वेटोळ्यावर ठेवला आणि ही वेटोळी वेगवेगळ्या लांबीची केली : एक साडेतेवीस सेकंदांनी फिरून येते, दुसरे सव्वीसच्या जवळपास, तिसरे तिसाच्या. मग ती सोडून दिली. त्यामुळे स्वर कधी एकत्र येतात, कधी एकामागून एक, आणि कधी बराच वेळ कोणीच येत नाही. मळ्यातल्या तीन विहिरींवर तीन मोटा चालाव्यात, तसे काहीसे. एका मोटेला दुसरीची खबर नसते. आपण बांधावर बसून ऐकतो आणि त्यांच्या कुरकुरीत आपोआप काही जुळून येते. त्याच मुद्रिकेतला शेवटचा भाग संपूर्ण सिंथेसायझरचा आहे, पण मला तो आवाजांच्या भागाइतका उतरलेला वाटत नाही. पहिल्यात श्वास आहे म्हणून असेल. ईनोची भूमिका अशी की हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावे आणि दुर्लक्षही करता यावे. या भूमिकेवर आपल्याकडचे रसिक रागावतात. रागावताना ते विसरतात की तंबोऱ्याकडून आपण शेकडो वर्षे हीच अपेक्षा करत आलो आहोत.

१९८३ मध्ये 'मिडी' ही योजना आली, आणि एका वाद्याची पट्टी दाबून शेजारची दोन-चार वाद्ये वाजवता येऊ लागली. थर देणे सोपे झाले. १९८७ च्या रोलँड डी-५० मध्ये सुराचा आरंभ खऱ्या वाद्याच्या मुद्रित तुकड्याचा आणि पुढचा विस्तार यंत्राचा, असे मिश्रण तयारच मिळू लागले. पुढे संगणकात शंभर थर एकावर एक ठेवायला जागेचीही अडचण उरली नाही. सोपे झाले की कला बिघडते असे मी म्हणणार नाही. टाक जाऊन बॉलपेन आले म्हणून कादंबऱ्या बिघडल्या नाहीत. पण थर देण्याला आधी जी किंमत मोजावी लागे ती संपल्यामुळे, 'हा थर कशासाठी?' हा प्रश्न विचारायचे राहून जाऊ लागले.

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलाने मोबाईलवर अकरा पॅड एकावर एक चढवले आणि मधल्या सुट्टीत मला ऐकवले. आवाज भरगच्च होता, पण एखाद्या खोलीत फार सामान असावे तसा. मी म्हटले, "आता यातला एकेक बंद करत जा रे. कुठला बंद केल्यावर चुकल्यासारखे वाटते ते बघू." आठ बंद झाले तरी काही बिघडले नाही, उलट खोली मोकळी झाली. नववा बंद केला तेव्हा तोच म्हणाला, "बाई, हा नको घालवायला." तो थर म्हणजे त्याने आजीच्या पेटीचा भाता, एकही पट्टी न दाबता, नुसता हलवून मुद्रित केलेला वारा होता. त्यात सूर नव्हता. बाकीच्या दहांत नव्हते ते सारे त्यात होते : सुरुवात, धाप, आणि लाकडाची एक बारीक करकर. उरलेल्या दोन पॅडांना त्याने जणू छातीच दिली होती. त्या मुलाला मी पुढे काही शिकवावे असे राहिले नाही.

कादंबरीत हे फार उशिरा कळते. 'बनगरवाडी' (१९५५) वाचताना माणदेशातला तो उजाड मुलूख आपल्या अंगावर येतो, पण उलटून पाहिले तर माडगूळकरांनी वर्णनाला जागा किती थोडी दिली आहे याचे आश्चर्य वाटते. एक बाभूळ, मेंढरांचा वास, बिनमुलांची शाळा. प्रत्येक तपशील दुसऱ्याला थोडा खोटे पाडतो : वाडी मास्तरला आपले म्हणते आणि त्याच वेळी त्याला पारखते. त्या फटीत वातावरण जन्मते. आम्ही पुढचे लोक मात्र पाऊस, कंदील आणि कुत्रे असे तीन पॅड एकदम दाबतो. तिघेही एकच गोष्ट सांगत असतात.

याच एकमताचा उपद्रव आज आपल्या भक्तिसंगीताला होत आहे, आणि याविषयी थोडे कठोर लिहिणे मला भाग आहे. अलीकडे अभंगांच्या नव्या मुद्रणांत गायकाच्या मागे तंबोरा असतो, पखवाज असतो, टाळ असतात, आणि या सगळ्यांखाली सिंथेसायझरचा एक रुंद, मऊ पॅड अंथरलेला असतो. तो बहुधा कोणी मुद्दाम रचलेला नसतो. वाद्यात तयार होता, तो लावला. आक्षेप तो परदेशी असल्याचा नाही. पेटीही परदेशीच होती, आणि भावगीताने पाश्चात्त्य सुरावळी केव्हाच पचवली. आक्षेप कानाचा आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून येणाऱ्या स्वयंभू गांधाराच्या हिशेबाने मधल्या सप्तकातला गांधार ३०० कंपनांचा होतो. पॅड मात्र बारा समान भागांच्या सप्तकाला बांधलेला. त्याचा गांधार ३०२.४ च्या जवळ. म्हणजे गायकाने गांधार तंबोऱ्याशी मिळवून लावला की पॅडच्या गांधाराशी तो सेकंदाला दोनांहून अधिक हेलकावे खातो. हे हेलकावे वर वर्णन केलेल्या हेलकाव्यांसारखेच, मग त्यांत दोष कोणता? दोष हा की ते कोणी ऐकून ठेवलेले नाहीत. व्हँगेलिसने विरोध रचला होता; इथे तो सांडला आहे. गायक शहाणा असतो, तो नकळत पॅडकडे सरकतो, आणि मग तंबोरा केवळ शोभेला उरतो.

त्याहून मोठी हानी अर्थाची आहे. तुकोबांच्या अभंगात देवाशी भांडण असते, थट्टा असते, कधी सरळ निराशा असते. पॅडला यातले काही ठाऊक नसते. पहिल्या अक्षरापूर्वीच तो सांगून टाकतो की आता पवित्र वाटून घ्या. भांडणाच्या अभंगाखालीही तेच मखमली पावित्र्य आणि कारुण्याच्या अभंगाखालीही तेच. शब्द विरोध करू पाहतात, थर त्यांना गप्प बसवतो. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी १९८२ साली याच रोलँडच्या यंत्रांवर, नाचाच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्या प्रयोगाला रागदारीचे लोक हसले असतील, पण त्यात रागाची ओळ उघडी ठेवण्याइतका मान होता. तिच्यावर पांघरूण घातलेले नव्हते. मला विचाराल तर आजच्या मखमली अभंगांपेक्षा तो उद्दाम प्रयोग रागाला अधिक मानणारा होता.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याकडे वळते. एलियान रादीग यांचा जन्म १९३२ मध्ये पॅरिसचा. पिएर शेफर आणि पिएर आंरी या ध्वनिमुद्रित आवाजांतून संगीत घडवणाऱ्यांकडे त्या शिकल्या, आंरींच्या साहाय्यक झाल्या. १९७० नंतर काही काळ त्या न्यूयॉर्कमध्ये होत्या; तिथे एआरपी २५०० हे कपाटाएवढे सिंथेसायझर त्यांनी घेतले आणि पॅरिसला आणले. आणताना त्याची पट्टी मात्र त्यांनी मागेच ठेवली. माझ्या दृष्टीने या कलेच्या इतिहासातला हा सर्वांत धीट निर्णय आहे. पट्टी असली की बोटे सवयीने सुरावट शोधतात. ती नसल्यावर उरतात केवळ बटणे आणि सरकत्या कळा, आणि एक सूर दुसऱ्यापासून किती ढळवावा एवढाच प्रश्न. पुढची जवळजवळ तीस वर्षे बाईंनी याच एका प्रश्नावर काम केले. टेपवर धरून ठेवलेले लांब ध्वनी त्या एकातून दुसऱ्यात इतक्या सावकाश वळवीत, की वळण केव्हा आले ते सांगता येऊ नये.

बौद्ध साधनेकडे वळल्यावर त्यांनी काही वर्षे रचना थांबवली होती. पुढे त्यांनी मृत्यूविषयीची त्रयी केली : 'कीएमा' १९८८ ची, 'कैलाशा' १९९१ ची, 'कुमे' १९९३ ची, तिन्ही मिळून सुमारे तीन तास. मधल्या काळात, १९८९ मध्ये, त्यांचा मुलगा मोटार अपघातात गेला. दुसऱ्या भागाचे नाव वाचून आपल्या मनात जो कैलास उभा राहतो तो तिथे नाही. शंख नाही, मंत्र नाही, घंटा नाही. 'आध्यात्मिक' म्हणून खपवता येईल असा एकही आवाज नाही. ती एका पर्वताभोवतीची प्रदक्षिणा आहे आणि ती पायी आहे. खाली दोन-तीन सूर एकमेकांशी अगदी थोडे ढळलेले. त्यांचा हेलकावा छातीच्या ठोक्याइतका. दहा मिनिटांनी ध्यानात येते की हेलकावा मंदावला आहे. केव्हा? ते ऐकूच आले नाही. मग वर एक बारीक, उजळ उपस्वर जाणवतो, आणि जाणवतो तेव्हा कळते की तो बराच वेळ तिथे होता. आणि सगळ्यांत विलक्षण क्षण येतो तो काहीतरी निघून गेल्याचा. जे गेले ते होते हेच आपल्याला ठाऊक नव्हते. ते गेल्यावर खोली निराळी झाली म्हणून कळले.

ज्यांनी घरातले माणूस गमावले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. शोकावर आपल्याकडे, आणि सगळीकडेच, पुष्कळ गाणी आहेत; त्यांत शोक बोलतो. रादीगबाईंच्या रचनेत तो बोलत नाही, घरातल्या हवेत होतो तसा बदल होतो. मी याला वातावरण म्हणते, आणि हा शब्द वापरताना मला या एका ठिकाणी लाज वाटत नाही. इथे वातावरण कशाच्या भोवतीचे नाही. मध्यभागी ठेवावयाचे माणूसच उरलेले नाही, आणि थर त्या रिकाम्या जागेभोवती न्याय्य अंतर राखून उभे आहेत. एकही थर दुःखी नाही. सुटा काढून ऐकवला तर विजेच्या खांबाची गुणगुण वाटेल. दोन थरांच्या मधल्या त्या इवल्याशा न जुळण्यात सगळा आशय आहे.

त्यांच्यावर घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे : तीन तास कोण बसणार? आक्षेप खोटा नाही. मी स्वतः त्रयी एका बैठकीत ऐकलेली नाही. रोज एक भाग, पहाटे, डबे करायच्या आधी, अशी तीन दिवसांत ऐकली, आणि 'कुमे' मला मधूनमधून सैल वाटली. तिच्यात आवाज अधिक मोठा होतो, प्रसंग अधिक घडतात, आणि जिथे प्रसंग घडतो तिथे थरांची सूक्ष्म कुरबुर दबते. 'कैलाशा'ची एकाग्रता तिच्यात नाही. पण हे दोष मोठ्या माणसाचे आहेत.

२००० साली 'लील रेसोनांत' ही रचना केल्यावर त्यांनी सिंथेसायझर सोडले. नंतरच्या रचना वादकांसाठी आहेत. पहिली मोठी रचना २००५ ची, चार्ल्स कर्टिस या चेलोवादकासाठी केलेली 'नाल्जोर्लाक'. प्रत्येक चेलोत एक स्वर असा असतो की तिथे वाद्याचे अंग आणि तार एकमेकांना जुमानत नाहीत आणि आवाज घोगरा होऊन हेलकावू लागतो. वादक तो स्वर टाळतात किंवा काही युक्तीने दाबतात. बाईंनी सगळे वाद्य त्याच स्वराच्या आसपास लावायला सांगितले, तारा आणि तारांना धरून ठेवणारे भागसुद्धा. रचनेची स्वरलिपी नाही. त्यांनी सांगितली, कर्टिसांनी ऐकून बसवली, आपल्याकडे बंदिश मिळते तशी. ध्वनिमुद्रण सुमारे तासाभराचे आहे. पहिली वीस मिनिटे तरी तिथे एकच माणूस एकच गज घेऊन बसला आहे यावर विश्वास बसत नाही.